झोळीतली दुरुस्ती

प्रियांका हावळ हे नाव ऐकून कुणी कॉलेजातली मुलगी डोळ्यांपुढे आणू नये. त्या नावाच्या मुली आता आज्या व्हायच्या वयाला आल्यात. ही प्रियांका छप्पन्न वर्षांची, इचलकरंजीची, आणि त्यातली चौतीस वर्षं मेंडिंगच्या हॉलमध्ये काढलेली. यंत्रमागावर विणताना एखादा धागा तुटतो, माग तसाच दोन बोटं पुढे जातो आणि कापडात एक बारीक रेघ राहून जाते. मेंडिंगवाली बाई ते कापड उजेडात पसरते, सुईत तोच धागा ओवते आणि तुटलेल्या धाग्याच्या वाटेनं एक वर, एक खाली अशी चालत जाऊन ती रेघ बुजवते. कापड मग पहिल्यापासून निर्दोष होतं असंच वाटतं. या गावात पिढ्यानपिढ्या बायकांनी हेच केलं, आणि प्रियांकाचा हात त्यांतला सगळ्यात चांगला, असं हॉलमधल्या बायकाच म्हणत.

त्या सोमवारी सकाळी हॉलच्या पडद्यावर तिच्या मुलीचा निरोप आला तेव्हा सगळ्या बायका सुया बाजूला ठेवून जमल्या. आरोही सात कोटी किलोमीटरवर होती. दिल्ली, बंगळूर, परदेश सगळं पालथं घालून झालं, तरी आईशी बोलताना ती इकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी आलो’ असंच म्हणायची. या निरोपात ती तरंगत होती आणि तोंडभर हसत होती.

“आई, नसीमाआपा, समद्यास्नी सांगा, झोळी पूर्ण बसली! दोनशे दहा पट्टे. दुसऱ्या दोन गावांच्या पट्ट्यांवर मिळून बावीस लाल चिठ्ठ्या निघाल्या. आपल्या हॉलच्या सत्तर पट्ट्यांवर एक पण न्हाई! आमचा कॅप्टन तर तुमच्यावर लई खूश हाय. त्या बावीस जागांवर मी स्वतः वरनं जाड पट्टा बांधला, आता काय काळजी न्हाई. सोळा दिवसांनी लाडू थांबवायचा.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी प्रियांकाच्या पाठीवर थाप मारली. प्रियांकाच्या मात्र पायाखालची वाळू सरकली होती. लाल चिठ्ठी लागली की वरून जाड पट्टा बांधतात, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

लाडू म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. सूर्याभोवती फिरणारा हा सत्तर मीटरचा लघुग्रह. याला एक लांबलचक क्रमांक होता, पण तो कुणाच्या लक्षात राहत नसे. लघुग्रह म्हटला की आपल्याला एकसंध कातळ आठवतो. हा तसा नव्हता. तो दगड, वाळू आणि बर्फ यांचा ढीग होता, आणि नावापुरत्या गुरुत्वाकर्षणानं अन् थोड्याशा चिकटपणानं एकत्र राहिला होता. आरोहीनं आईला समजावताना सांगितलं होतं की तूप कमी पडलेला लाडू जसा हातात घेईपर्यंत ठीक असतो, तसा हा आहे. तेव्हापासून गावात त्याचं नाव लाडू पडलं.

या लाडवात प्लॅटिनमही होतं आणि पाणीही. त्याला अकरा महिन्यांत हळूहळू ढकलत चंद्राच्या कक्षेत आणायचं आणि तिथं निवांत खणायचं, असा बेत होता. पण लाडू चाळीस मिनिटांत एक गिरकी घेत होता. फिरणाऱ्या वस्तूला एकाच दिशेनं ढकलता येत नाही, कारण इंजिनाचं तोंड दर क्षणाला दुसरीकडे वळतं. म्हणून आधी त्याला थांबवायचं. त्यासाठी त्याच्याभोवती काळ्या दगडाच्या रसातून काढलेल्या धाग्याची एक भलीमोठी पिशवी गुंडाळली. कंपनीच्या कागदांत तिला ‘आवरण’ म्हणत, इचलकरंजीत झोळी. झोळीच्या कडेला बसवलेले फवारे गिरकीच्या उलट दिशेला सुटणार होते. झोळी आधी थांबू लागणार, आणि आतले दगड, एसटीनं ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे जातात तसे, झोळीवर रेलणार. ब्रेक चालेल त्या तीन तासांत सगळा भार कापडावर येणार होता. आरोही आणि तिचे तीन सोबती यांचं यान झोळीलगतच होतं, त्यामुळे झोळी फाटली तर सुटलेले दगड थेट त्यांच्यावर येणार होते.

आता दीड वर्षामागची गोष्ट. या कापडाचं काम आलं तेव्हा कंपनीच्या माणसानं हॉलमध्ये उभं राहून नियम सांगितला, की फॉल्ट दिसला तर लाल चिठ्ठी लावायची, सुई लावायची नाही. बस्स, एवढंच. का, ते सांगितलं नाही. बायकांना कारणं सांगायची असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. सांगितलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, आणि मला अजूनही त्या माणसाचा राग येतो.

लाल चिठ्ठी म्हणजे नापास, असंच या हॉलमध्ये प्रत्येकीला वाटत होतं. एका मंगळवारी प्रियांकाच्या टेबलावरच्या पट्ट्यात तुटलेल्या धाग्याची वीतभर रेघ निघाली. हे कापड आपल्या पोरीच्या भोवती गुंडाळलं जाणार, हे तिला ठाऊक होतं. पोरीच्या अंगावर फाटका कपडा घालून कुठली आई तिला बाहेर पाठवते? तिनं चिठ्ठीचा डबा उघडला आणि पुन्हा मिटला. सुई घेतली. वीस मिनिटांत रेघ नाहीशी झाली. तपासणीच्या यंत्रालाही काही दिसलं नाही. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

टाळ्या थांबल्यावर तिनं हॉलच्या मुख्य नसीमा मुजावर यांना कोपऱ्यात नेलं आणि सगळं सांगितलं.

“किती जागा?” त्यांनी विचारलं.

“एकच.”

“एकच न्हवं? मग गप बस की. साडेदहा किलोमीटर कापडात एक वीत. कुणाला कळतंय?”

“आपा, वर माझी पोरगी हाय.”

नसीमाआपांनी पदर खोचला. “चल,” त्या म्हणाल्या.

कंपनीचं तांत्रिक कार्यालय कारखान्याच्याच आवारात होतं. तिथले कौस्तुभ नाडगौडा पस्तिशीतले, मृदू बोलणारे अभियंते होते. त्यांनी प्रियांकाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

“मावशी, कापडातला धागा अखंड असतो तेव्हा ताण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वाहत जातो,” ते म्हणाले. “तुम्ही सुईनं घातलेला तुकडा कशालाही बांधलेला नाही. शेजारच्या धाग्यांना नुसता धरून बसलाय. साडीत, चादरीत ते चालतं. इथं ताण त्या वीतभर जागेपाशी आला, की शेजारच्या धाग्यांवर जाईल. ते तुटले तर त्यांच्या शेजारच्यांवर.”

“म्हंजे उसवत जाणार?”

“जाऊ शकतं. किंवा काहीच होणार नाही. मला माहीत नाही.”

“मग थांबवा की सगळं. पोरास्नी परत बोलवा.”

नाडगौडांनी मान हलवली. परतीचं इंधन बरोबर नेलेलंच नव्हतं. ते लाडवातल्याच बर्फापासून बनवायचं होतं, आणि बर्फ वितळवायचं यंत्र लाडू थांबल्याशिवाय चालत नव्हतं. चौघांपुढे चौदा महिन्यांचं अन्न होतं, हवा होती, पण घरी यायची वाट लाडू थांबवण्यातूनच जात होती. न थांबवणं हा पर्यायच नव्हता.

“जागा कळली तर मात्र काम सोपं आहे,” ते म्हणाले. “वर तीन जाड पट्टे शिल्लक आहेत. तुम्ही फक्त जागा दाखवा.”

प्रियांकाला मंगळवार आठवत होता. काठापासून हातभर आत, हे आठवत होतं. पट्टा कोणता, ते आठवत नव्हतं. तिच्या टेबलावरून एकोणीस पट्टे गेले होते आणि नोंद फक्त लाल चिठ्ठ्यांची ठेवलेली होती. ज्यांना चिठ्ठी नाही, त्यांची नोंद ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नाडगौडांनी वरच्या कॅमेऱ्यांनी काढलेले त्या एकोणीस पट्ट्यांचे फोटो मागवले. चार हजार सातशे पन्नास फोटो. प्रियांका सकाळी आठला येऊन पडद्यापुढे बसायची. एकेक फोटो पडद्याएवढा मोठा करून बघायची. उभा धागा, आडवा धागा, वर, खाली. दुसऱ्या कुणाचं मेंडिंग असतं तर तिनं ते चालत्या कापडावर ओळखलं असतं. नसीमाआपाही शेजारी बसायच्या. पाचव्या दिवशी फोटो संपले. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“गावलं?” नसीमाआपांनी विचारलं.

“न्हाई.”

“तुझा हातच वाईट,” आपा म्हणाल्या आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवलं.

आठव्या दिवशी नाडगौडांना एक युक्ती सुचली. जागा सापडत नाही, तर निदान ती किती ताण सोसेल ते तरी बघू. त्यांनी त्याच कापडाचे दहा तुकडे आणवले, प्रत्येकात एकेक धागा कापला आणि प्रियांकाला म्हणाले, “त्या दिवशी केलं तसंच करा.”

तिनं केलं. मग एकेक तुकडा यंत्रात दोन्हीकडून धरून ओढला. अखंड कापडाची ताकद शंभर धरली, तर पहिला तुकडा अठ्ठ्याऐंशीला फाटला. नाडगौडांचा चेहरा खुलला. दुसरा एक्केचाळीसला. तिसरा सत्तरला. चौथा पस्तीसला. दहाच्या दहा तुकड्यांनी दहा निरनिराळे आकडे दिले.

“ब्रेकच्या वेळी किती भार येणार?” प्रियांकानं विचारलं.

“पन्नासच्या आसपास.”

तिनं आपले हात बघितले. ते थरथरत होते. त्या मंगळवारी थरथरत नव्हते, हे तिला नक्की आठवत होतं. पण तो मंगळवार यंत्रात घालून ओढता येत नव्हता. आजचे आकडे भीतीनं काम करणाऱ्या बाईचे होते, आणि त्या दिवशीची आनंदात काम करणारी बाई आता बोलावूनही येणार नव्हती.

नाडगौडांनी सगळं वर कळवायचं ठरवलं. लपवायचं काही नव्हतं, चौघांना कळायलाच हवं होतं. तुमचं नाव गाळतो, असं ते प्रियांकाला म्हणाले. प्रियांका म्हणाली, “नको. तिला माझ्याकडनंच कळू दे.”

निरोप पोहोचायला चार मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी चार. कॅमेऱ्यापुढे बसून प्रियांकानं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “तुज्या भोवतीचं कापड हाय म्हणून केलं गं. दुसऱ्या कुणाचं असतं तर चिठ्ठी लावली असती.” आणि आठ मिनिटं ती भिंतीकडे बघत राहिली. बोललेलं मागे घेता येत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण बोललेलं अजून वाटेतच आहे आणि तरीही थांबवता येत नाही, हे प्रकरण निराळंच.

उत्तर आलं तेव्हा आरोही आधीच अंतराळपोशाख चढवत होती.

“आई, रडू नगंस. मला तुजं मेंडिंग कळतंय. लहानपणी तुज्या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय मी. जातो आन् हुडकून येतो.”

“जाऊ नगंस!” प्रियांका पडद्याकडे बघून ओरडली. पण हे दृश्य चार मिनिटांपूर्वीचं होतं. पडद्यावर आरोही शिरस्त्राण लावत होती, आणि खरी आरोही एव्हाना बाहेर पडलेली होती.

ती पाच दिवस रोज बाहेर गेली, एका वेळी पाच-पाच तास. कमरेला दोर बांधून, गिरकी घेणाऱ्या झोळीवर एकेक पट्टा हातांनी चाचपत. लाडवाच्या मधल्या भागात गिरकी तिला हलकेच बाहेर ओढायची. दोर सुटला असता तर ती लाडवापासून लांब लांब जात राहिली असती. कापडाच्या आतून दगड टेकलेले दिसायचे, एक तर तिच्या कोपरालगत नारळाएवढा होता. मनगटावरच्या भिंगातून ती धागे बघायची. इचलकरंजीत प्रियांका ते सगळं चार मिनिटं उशिरा बघायची, तोंडात पदराचा बोळा धरून. आपल्या चुकीनं पोरगी धोक्यात होती, आणि आता आपल्या कबुलीनं ती त्याच धोक्यावरून रांगत होती. कबुली दिली नसती तर? हा प्रश्न तिनं स्वतःला दिवसातून शंभर वेळा विचारला असेल. उत्तर कुठल्याही बाजूनं बरं येत नव्हतं.

पाचव्या दिवशी आरोहीनं शेवटचा पट्टा संपवला आणि तिथंच दोराला टेकून बसली. तिचा श्वास ऐकू येत होता.

“न्हाई गावलं, आई. एकोणीसच्या एकोणीस पट्टे झाले. माजा हात त्याच्यावरनं गेला असणारच, एकदा तरी.” तिनं हातमोजा पुन्हा एकदा कापडावरून फिरवला. “लई सुबक केलंयस गं.”

मेंडिंगच्या कामाला हॉलबाहेरच्या कुणी आजवर चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणायला ते आधी दिसावं लागतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, आणि प्रियांकाला ते ऐकून उठून बाहेर जावं लागलं. आवारातल्या नळाखाली तिनं डोकं धरलं. नसीमाआपा तिच्यामागे छत्रीसारखा हात धरून उभ्या राहिल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शिल्लक तीन पट्टे नाडगौडांनी हिशेब करून जिथं भार सर्वांत जास्त येईल तिथं बांधायला सांगितले. हा हिशेब म्हणजे अंदाजच होता, आणि ते त्यांनी कबूलही केलं.

ब्रेकचा दिवस आला. सकाळी अकराला फवारे सुटणार होते. माग बंद ठेवले होते, हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर लाडू काळ्या झोळीत फिरत होता. अकरा वाजून चार मिनिटांनी कडेनं पांढरी वाफ निघताना दिसली. झोळी एका बाजूला ताणली गेली. आतले दगड सरकताना कापडावर फुगवटे यायचे, जायचे. प्रत्येक फुगवट्याबरोबर प्रियांकाची बोटं आपोआप हलत होती, सुई धरल्यासारखी. नसीमाआपांनी शेवटी ती बोटं आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवली.

एक तास. दोन. अडीच तासांनी एक मोठा फुगवटा आला आणि तिथंच राहिला. नाडगौडा खुर्चीवरून उठले. पुढे काही झालं नाही. दोन वाजून सहा मिनिटांनी पडद्यावरचा लाडू स्थिर झाला. तिकडून कॅप्टनचा आवाज आला, “झोळी शाबूत. सगळे सुखरूप.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी पेढे वाटायला लागलं. प्रियांकानं नाडगौडांचा शर्ट ओढला.

“साहेब, झालं न्हवं आता? भार संपला न्हवं?”

नाडगौडांना खोटं बोलता येत नव्हतं, हाच त्यांचा दोष. “ब्रेकचा संपला, मावशी. उद्यापासून इंजिन ओढायला लागेल. ते झोळीलाच बांधलंय.”

“आन् इंधन? पोरं परत येणार न्हवं?”

“इंधन बनवायला घेतील. पण ते पुरेसं साठायला आणि घराजवळ पोहोचायला लाडवाइतकेच अकरा महिने लागणार. लाडवाबरोबरच यावं लागेल त्यांना.”

“उद्यापासनंचा भार किती?”

“आजच्यापेक्षा कमी. तीसच्या आसपास. पण सतत. अकरा महिने, दिवसरात्र.” मग त्यांनी खाली बघत पुढचंही सांगितलं. “आजच्या ताणानं ती जागा थोडी ढिली झाली असेल, तर किती, ते आपल्याला कळायचा मार्ग नाही.”

प्रियांकानं हातातला पेढा नसीमाआपांच्या हातात दिला.

दुपारी चारला सगळे पांगल्यावर आरोहीचा निरोप आला. हा फक्त आईसाठी होता, म्हणून नाडगौडांनी तो आपल्या खोलीत लावून दिला आणि दार ओढून घेतलं. आरोहीचा चेहरा उतरलेला होता, पण केस नीट विंचरलेले होते.

“आई, आकडे आमच्याकडं आलेत. अठ्ठ्याऐंशी, एक्केचाळीस, पस्तीस, समदे. ते मला ठावं हाईत. उद्या इंजिन सुरू होणार, मग आम्हाला अकरा महिने या झोळीखालीच झोपायचं हाय. मी आता परत परत विचारणार न्हाई. एकदाच विचारतो. तू घातलेला धागा टिकंल का? आकडा नगं सांगूस. तू सांग.”

पडदा थांबला. खाली उत्तराचं बटण लुकलुकत होतं. प्रियांकानं डोळे पुसले, पदर नीट केला. त्या मंगळवारची सुई, तो उजेड, ती रेघ, सगळं तिनं आठवून पाहिलं. धागा तीन जागी जास्त आत घेतला होता की दोन? शेवटचं टोक दडपलं होतं की नुसतं कापलं होतं? हातांनी आपोआप केलेलं होतं ते, तिला विचारून केलेलं नव्हतं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. तिनं बटण दाबलं.

“टिकंल,” ती म्हणाली. “न टिकायला काय झालं? माज्या हातचं हाय. तू बिनघोर झोप.”

बटण सुटलं आणि शब्द निघाले. त्यांच्यामागून दुसरं काहीतरी खरं पाठवावं असं तिला वाटलं, पण पाठवण्यासारखं खरं तिच्याजवळ काही नव्हतं. बाहेर माग पुन्हा सुरू झाल्याचा खडखडाट ऐकू येत होता. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आठ मिनिटांनी आरोहीचा चेहरा पुन्हा उजळला. ती हसत होती. लहानपणी ताप आला की प्रियांका तिला कडू काढा गोड आहे म्हणून पाजायची. पोरगी तेव्हा वाटी तोंडाला लावण्याआधी आईकडे बघून असंच हसायची, आणि मग सगळा काढा पिऊन टाकायची.

“बरं,” आरोही म्हणाली. “मग झोपतो मी.”